एक शाळा, दोन फाटकं: मेलबर्नच्या पश्चिम उपनगरातलं एक प्रकरण

हे प्रकरण मेलबर्नच्या पश्चिमेला, विंडम नगरपालिकेच्या हद्दीतल्या एका सरकारी शाळेचं आहे. शाळेचं नाव, उपनगर आणि साल गाळलं आहे. माणसांच्या ओळखी आणि काही तपशीलही बदलले आहेत. मी त्या काळात शाळेच्या काउन्सिलवर पालक सदस्य होते, त्यामुळे बैठकांतली चर्चा आतून पाहता आली. ऑस्ट्रेलियात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना शाळा कशी चालते हे माहीत नसतं, आणि काउन्सिलची निवडणूक लढवायचं तर मनातही येत नाही. या मंडळींना हे उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेत विंडमची लोकसंख्या १,६१,००० च्या आसपास होती. २०२१ मध्ये ती २,९२,००० झाली. जिथे गवताळ माळ आणि दगडी बांध होते, तिथे दहा वर्षांत घरांच्या ओळी उभ्या राहिल्या. २०१५ मध्ये टार्नीट आणि विंडम वेल ही स्टेशनं सुरू झाली, शहरात नोकरी करून इथे राहणं जमायला लागलं आणि हा वेग आणखी वाढला. घर घेणाऱ्यांत भारतीयांचा भरणा मोठा. पंजाबी सर्वांत जास्त, शिवाय तेलुगू, गुजराती, मराठी, मल्याळी. पण हा भाग फक्त भारतीयांचा नाही. थायलंडच्या छावण्यांतून आलेली ब्रह्मदेशातली कारेन कुटुंबं वेरिबीच्या आसपास स्थिरावली आहेत. न्यूझीलंडमार्गे आलेली सामोअन आणि माओरी कुटुंबं आहेत, व्हिएतनामी आहेत, फिलिपिनो आहेत. आणि दोन पिढ्यांपासून इथेच राहणारे, याच शाळेत शिकलेले गोरे ऑस्ट्रेलियनही आहेत.

शाळा प्रेप, म्हणजे पहिलीच्या आधीचं वर्ष, ते बारावी. नाव एक, प्रिन्सिपल एक, बजेट एक, पण कॅम्पस तीन. जुना कॅम्पस रेल्वेमार्गाच्या दक्षिणेला. तिथे विटांच्या बैठ्या इमारती, मोठं मैदान, प्रयोगशाळा आणि सुतारकामाची कार्यशाळा. नवा कॅम्पस रुळांच्या उत्तरेला, नव्या इस्टेटींच्या, म्हणजे घरांच्या वसाहतींच्या, मधोमध, काचेची दर्शनी भिंत आणि रंगीत पत्रे लावलेला. दोन्हीकडे प्रेप ते नववीचे वर्ग. दहावी ते बारावीची मुलं तिसऱ्या, सीनियर कॅम्पसवर एकत्र येतात.

व्हिक्टोरियात प्रत्येक सरकारी शाळेला झोन असतो. घर झोनमध्ये असेल तर त्या शाळेत जागा मिळणं हा मुलाचा हक्क. या शाळेचा झोन एकच होता, दोन्ही कॅम्पस मिळून. नवा कॅम्पस सुरू झाला तेव्हा पालकांनी त्यांना हवा तो कॅम्पस निवडावा, असं ठरलं. त्या वेळी नव्या कॅम्पसवर जागाच जागा होती, म्हणून या सवलतीचा कुणी फारसा विचार केला नाही.

काउन्सिलबद्दल थोडं. ही कायद्याने स्थापन होणारी समिती आहे. तिच्यात एक तृतीयांशाहून जास्त जागा पालकांच्या असाव्याच लागतात. रोजचा कारभार प्रिन्सिपल पाहतात, धोरण आणि बजेट काउन्सिलसमोर येतं. कुठलं मूल कुठल्या कॅम्पसवर जाईल हा निर्णय अखेर प्रिन्सिपलचाच होता. पण काउन्सिलला डावलून तो घ्यायचा नाही, असं त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं आणि शेवटपर्यंत ते पाळलं.

नेमका प्रश्न

दिसणारा प्रश्न गर्दीचा होता. काही वर्षांतच नवा कॅम्पस तुडुंब भरला. मैदानाच्या निम्म्या भागावर पोर्टेबल वर्गखोल्या आल्या आणि मधल्या सुट्टीत मुलांना पाळीपाळीने खेळायला सोडावं लागायचं. अडीच किलोमीटरवर जुन्या कॅम्पसमध्ये मात्र काही वर्ग कुलूपबंद होते, आत खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या.

गर्दीमागे दुसरा प्रश्न होता आणि तो बोलून दाखवायला कुणी तयार नव्हतं. पालकांच्या निवडीतून मुलं आपोआप वेगळी होत होती. इस्टेटीतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नव्या माणसाने शाळेबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं असे: नवाच कॅम्पस घ्या, आपली सगळी तिथेच आहेत. भाड्याच्या घरांच्या जाहिरातींतही नव्या कॅम्पसपासूनचं अंतर यायला लागलं. पाहता पाहता नव्या कॅम्पसवर भारतीय उपखंडातली मुलं बहुसंख्य झाली. जुन्या कॅम्पसवर कारेन, सामोअन, व्हिएतनामी आणि जुनी ऑस्ट्रेलियन कुटुंबं राहिली. ज्यांच्याकडे गाडी नव्हती किंवा चौकशी करायला इंग्रजी नव्हतं, ती माणसं जवळ असेल त्या कॅम्पसवर गेली. वेगळं करायचं असं कुणीच ठरवलं नव्हतं. प्रत्येक घराने आपल्या मुलाचं भलं पाहिलं, त्यात चूक काढता येत नाही.

मुंबईत वाढलेल्या मला महापालिकेच्या शाळांची आठवण झाली. तिथे एकाच इमारतीत मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती अशी माध्यमं असतात. माध्यमाने मुलं वेगळी होतात ती उघडपणे, आणि त्याला निदान एक कारण असतं. इथे माध्यम एकच, इंग्रजी. तरीही मुलं वेगळी झाली होती.

परिणाम दिसायचा तो सीनियर कॅम्पसवर. एकाच शाळेची दोन आवारांतली मुलं पंधराव्या वर्षी पहिल्यांदा भेटायची. कॅन्टीनजवळची बाकं कुणी न सांगता वाटली गेली होती. गटकार्यात मुलांना एकत्र बसवायला एक अख्खी टर्म (वर्षाच्या चार सत्रांपैकी एक) जाते, असं दहावीला शिकवणाऱ्या शिक्षकांनी काउन्सिलला सांगितलं.

तिसरी गोष्ट ऑफिसातल्या कागदांत दडलेली होती. ज्या मुलांची घरची भाषा इंग्रजी नाही आणि ज्यांना ऑस्ट्रेलियन शाळेत येऊन पाच वर्षं झालेली नाहीत, त्यांच्या संख्येवरून शाळेला इंग्रजीच्या आधारासाठी निधी मिळतो. त्याला इथे ई.ए.एल. म्हणतात. त्यासाठी प्रवेशअर्जावर घरी मुख्यतः कुठली भाषा बोलता, हे लिहावं लागतं. नव्या कॅम्पसच्या अर्जांवर तिथे सर्रास ‘इंग्रजी’ असं लिहिलेलं. घरी आजीशी मराठीत, आईशी तेलुगूत बोलणारी ही मुलं. मातृभाषा लिहिली तर मुलाला ‘कच्च्या’ वर्गात टाकतील, ही आईबापांची भीती. ती कुठून येते हे मला पुरतं ठाऊक आहे. ज्या देशात इंग्रजी माध्यमासाठी माणसं कर्ज काढतात, तिथून आपण आलो आहोत. पण त्या एका शब्दामुळे, ज्या कॅम्पसवर नव्याने आलेली मुलं भरपूर होती, तिथे ती कागदावर दिसतच नव्हती.

समोर आलेले पर्याय

प्रिन्सिपलनी काउन्सिलसमोर चार पर्याय मांडले.

पहिला, पालकांची निवड राहू द्यायची, फक्त नव्या कॅम्पसला कमाल मर्यादा घालायची. यात भांडण कमी होतं. पण मर्यादा भरली की उशिरा आलेलं कुटुंब जुन्या कॅम्पसवर जाणार, आणि उशिरा येणारं कुटुंब म्हणजे बहुधा सर्वांत नवखं. मुलं आज जशी वाटली गेली होती, तशीच वाटणी पुढेही होत राहिली असती.

दुसरा, झोनच्या आत पत्त्यानुसार रेघ मारायची. रेघेच्या उत्तरेची मुलं नव्या कॅम्पसवर, दक्षिणेची जुन्या.

तिसरा, इयत्तेनुसार वाटणी. प्रेप ते चौथीची सगळी मुलं नव्या कॅम्पसवर, पाचवी ते नववीची जुन्या. प्रिन्सिपलचा कल इकडे होता आणि कारणं भक्कम होती. सगळी मुलं पाचव्या वर्षापासून एकत्र वाढतील, प्रयोगशाळा आणि कार्यशाळा मोठ्या मुलांच्या हाताशी येतील, एका इयत्तेचे सगळे शिक्षक एका छताखाली बसतील. शिक्षणाच्या दृष्टीने पाहिलं तर चौघांत हाच उजवा होता, असं मला आजही वाटतं.

चौथा, शिक्षण खात्याकडे आणखी इमारत मागायची. राज्य सरकारने २०२६ पर्यंत १०० नव्या शाळा उघडण्याचा कार्यक्रम घेतला होता, तेव्हा मागणी अवास्तव नव्हती. पण जुन्या कॅम्पसवर वर्ग रिकामे असताना खातं आधी काय विचारेल हे उघड होतं. हा पर्याय लगेच बाजूला पडला.

पहिला निर्णय: सर्व्हे पुरेसा मानायचा का?

शाळेच्या अ‍ॅपवरून सर्व्हे झाला. इंग्रजीत, दोन आठवडे. कौल इयत्तेनुसार वाटणीच्या बाजूने आला, आणि चांगल्या फरकाने. पुढच्या वर्षाच्या प्रेपचे अर्ज जुलैअखेर भरायचे असतात, त्याआधी पालकांना सांगायला हवं होतं. काउन्सिलच्या त्या बैठकीत ठराव मांडून मोकळं व्हायची सगळी तयारी होती.

जुन्या कॅम्पसच्या ऑफिसात बरीच वर्षं काम करणाऱ्या बाई त्या बैठकीला आल्या होत्या. त्या काउन्सिलच्या सदस्य नव्हत्या, प्रवेशांची माहिती द्यायला आल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं: हा सर्व्हे भरणाऱ्यांपैकी रोज मुलांना आणायला फाटकाशी कोण येतं?

उत्तर कुणाकडेच नव्हतं. सर्व्हेत उत्तरं कोणत्या घरांतून आली एवढं कळत होतं, आणि ते पाहिल्यावर चित्र लंगडं निघालं. जुन्या कॅम्पसच्या कारेन कुटुंबांपैकी जवळपास कुणीच भरला नव्हता. नव्या कॅम्पसवरचा मोठा प्रतिसाद दोन गाड्या असलेल्या, घरून काम करणाऱ्या आईबापांचा होता.

काउन्सिलमध्ये सरळ दोन तट पडले. काहींचं म्हणणं, सर्वांना समान संधी दिली होती, न भरणाऱ्यांसाठी किती थांबायचं? आणखी एक वर्ष पोर्टेबल सोसायचे, म्हणजे आणखी एका वर्षाच्या मुलांचं मैदान जाणार. हा मुद्दा वजनदार होता. उलट बाजूचं म्हणणं, ज्या भाषेत आणि ज्या यंत्रावर विचारलं, ती सर्वांची नव्हती, म्हणजे संधी समान नव्हतीच. अखेर ठराव एक टर्म पुढे ढकलला गेला. मी ढकलण्याच्या बाजूने होते. त्याची किंमत नव्या कॅम्पसच्या मुलांनी मोजली, हेही इथे नोंदवलं पाहिजे. निर्णय पुढच्या प्रेपला लागू होऊ शकला नाही आणि एक पोर्टेबल आणखी आला.

फाटकावरची वही

पुढच्या टर्ममध्ये जे झालं, त्याला सगळ्यात जास्त जागा द्यायला हवी.

ऑफिसातल्या त्या बाई आणि दोन्ही कॅम्पसचे बहुभाषिक मदतनीस सव्वातीनला वही घेऊन फाटकाशी उभे राहू लागले. कोण, किती मुलांना, कशाने घेऊन जातं एवढंच लिहायचं. नावं नाहीत. आठवड्याभरात वहीत जे जमलं, ते कुठल्याच सर्व्हेत आलं नव्हतं.

नव्या कॅम्पसवर रांगेत गाड्या होत्या, पण फाटकाला टेकून उभी असलेली माणसं वेगळीच होती. डोक्याला रुमाल बांधलेले पंजाबी आजोबा, साडीवर जॅकेट आणि पायांत स्पोर्ट्स शूज घातलेल्या तेलुगू आज्या, व्हिजिटर व्हिसावर नातवंडांसाठी आलेले मराठी आजी-आजोबा. यांच्यापैकी गाडी चालवणारे कमीच. सकाळी आईबाप शहराची ट्रेन पकडतात, संध्याकाळी साडेसहाला परततात, मधला सगळा भार यांच्यावर. कितीतरी आजोबांबरोबर दोन नातवंडं होती, एक प्रेपचं आणि एक पाचवी-सहावीचं.

जुन्या कॅम्पसवर सातवी-आठवीतल्या बहिणी धाकट्यांना घेऊन जायच्या. एक कारेन बाई चार घरांची मुलं सोबत न्यायच्या, कारण बाकीच्या आया ट्रुगनिना आणि लॅव्हर्टन नॉर्थच्या गोदामांत पाळीवर असायच्या. एक सामोअन आजोबा तीन भावंडांच्या मागे चालायचे, धाकट्याचं दप्तर थोरल्याच्या खांद्यावर.

आता तिसरा पर्याय पुन्हा पाहिला तर अडचण नजरेत भरते. दोन्ही कॅम्पस साडेतीनला सुटतात, मध्ये अडीच किलोमीटर आणि रेल्वेमार्ग. एक आजोबा दोन फाटकांशी एकाच वेळी कसे उभे राहणार? आठवीतली बहीण जुन्या कॅम्पसवर आणि पहिलीतला भाऊ नव्यावर, तर त्याला घरी कोण नेणार? सुटण्याच्या वेळा मागेपुढे करता येतील असं कुणीतरी सुचवलं. हिशेब केला तर गाडीशिवाय जाण्यासाठी वेळेत जेवढा फरक हवा, तेवढा शिक्षकांच्या वेळापत्रकात बसत नव्हता. शाळा सुटल्यावरच्या पाळणाघरात ठेवा, असंही सुचवलं गेलं. त्यात सरकारी सवलत असली तरी पैसे पडतात, आणि ती सवलत प्रत्येक व्हिसावर मिळत नाही.

वही झाल्यावर बोलणी झाली. शिक्षण खात्यामार्फत दुभाषे मिळतात, त्यांच्या मदतीने घरोघरी फोन केले गेले. कारेन कुटुंबांसाठी आधी पत्र भाषांतरित करायचं ठरलं होतं. त्यांच्या मदतनीस बाईंनी ते थांबवलं, कारण कितीतरी आयांना स्वतःच्या भाषेतही वाचता येत नव्हतं. त्याऐवजी बाईंनी आपल्या आवाजात चार मिनिटांचा निरोप रेकॉर्ड करून पाठवला आणि रविवारी चर्चनंतर तिथल्याच हॉलमध्ये बसून बोलल्या. पंजाबी कुटुंबांसाठी गुरुद्वाऱ्यात, लंगरनंतर. उरलेल्यांसाठी शाळेतच, पण संध्याकाळी सातला नव्हे, पावणेतीनला. रात्रपाळीला ट्रक चालवणारा बाप आणि नातवाला न्यायला आलेली आजी या दोघांना जमणारी तीच एक वेळ होती.

या बोलण्यांतून दोन भीती वर आल्या. जुन्या कॅम्पसच्या घरांना वाटत होतं की मुलं हलली तर कारेन बोलणाऱ्या मदतनीस बाई सुटतील. शाळेशी बोलायचा त्यांचा तो एकमेव दरवाजा होता. नव्या कॅम्पसच्या घरांना जुन्या कॅम्पसचा ‘दर्जा’ नको होता. जुना कॅम्पस आतून पाहिलाय का, असं विचारल्यावर बहुतेकांनी नाही म्हटलं. मराठी घरांत हे बोलणं माझ्या वाट्याला आलं होतं. स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून इथवर आलेली माणसं, केवळ विटा जुन्या म्हणून एक शाळा नाकारत होती. त्यांना समजून घेणं सोपं नव्हतं, पण मूल परक्या देशात वाढवताना माणूस जास्तच सावध होतो, हे खरं आहे.

दुसरा निर्णय: रेघ कुठे मारायची?

इयत्तेनुसार वाटणी मागे पडली, पण तिचा हेतू सोडून द्यावा असा नव्हता. प्रिन्सिपलनी मधला मार्ग काढला. प्रेप ते सहावी पत्त्यानुसार, म्हणजे भावंडं एका फाटकाने जातील. सातवीपासून सगळे जुन्या कॅम्पसवर. म्हणजे मुलं पंधराव्याऐवजी बाराव्या वर्षी एकत्र येतील, आणि सातवीतलं मूल एकटं चालत किंवा सायकलने जाऊ शकतं. नवा कॅम्पस प्राथमिकपुरता राहील आणि तिथले सातवी ते नववीचे वर्ग रिकामे होतील. धाकट्यांना नेणाऱ्या मोठ्या बहिणी जुन्या कॅम्पसच्याच होत्या, त्यामुळे त्यांची सोबतही तुटणार नव्हती.

नकाशावरची पहिली रेघ रेल्वेमार्गावरून गेली. सुटसुटीत, कुणालाही समजावता येईल अशी. पण तिने आज झालेली वाटणीच कायम केली असती. उत्तरेला सगळ्या नव्या इस्टेटी, दक्षिणेला सगळी जुनी घरं. फाटकावरच्या वहीमुळे आणखी एक गोष्ट कळली होती. स्टेशनजवळच्या भुयारी वाटेने रुळांच्या उत्तरेकडच्या काही इस्टेटींतून जुना कॅम्पस नव्यापेक्षा पायी जवळ होता. नकाशावर अंतर सरळ रेषेत मोजलं होतं, पायांनी नव्हे. रेघ पुन्हा आखली ती चालण्याच्या अंतरावर आणि मुलांना रस्ता ओलांडून द्यायला ‘थांबा’ची गोल पाटी (लॉलीपॉप) घेऊन माणूस उभा असतो त्या जागांवर. त्याने एक इस्टेट दक्षिणेकडे आली, आणि जुन्या भाड्याच्या घरांची एक पट्टी उत्तरेकडे गेली.

सध्या शिकणाऱ्या प्राथमिकच्या मुलांना हलवायचं नाही, त्यांची धाकटी भावंडं त्यांच्याच कॅम्पसवर येतील, सातवीचा बदल मात्र सर्वांना, असं ठरलं. मदतनीस दोन्ही कॅम्पसवर ठरलेल्या वारी जातील. हे सगळं प्रेपच्या अर्जांच्या आधी, दुभाष्यांसह, लेखी आणि तोंडी दोन्ही सांगितलं गेलं.

तिसरा निर्णय: हुशार मुलांचा वेगळा वर्ग

खरी ओढाताण इथे झाली, आणि ती मुख्यतः आपल्या लोकांकडून. वेरिबीत सुझान कोरी हायस्कूल आहे. प्रवेश परीक्षेवर मुलं घेणारी ही सरकारी शाळा २०११ साली सुरू झाली. प्रवेश नववीत, परीक्षा आठवीत. विंडममधल्या किती भारतीय घरांत पाचवीपासून शनिवार-रविवार त्या परीक्षेच्या क्लासांत जातात, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. सातवीत कॅम्पस बदलला तर तयारीचा विचका होईल, असं या पालकांचं म्हणणं. त्यांनी तोड सुचवली: जुन्या कॅम्पसवर सातवीपासून निवडक मुलांचा वेगळा, वेगाने शिकवणारा वर्ग काढा, मग आम्ही येतो.

मोह मोठा होता. हा वर्ग काढला असता तर मुलं शाळा सोडून गेली नसती आणि विरोध एका रात्रीत मावळला असता. काउन्सिलवरचे दोन-तीन पालक त्याच्या बाजूने होते. पण त्या वर्गात कोण बसणार होतं? ज्यांच्या घरी क्लासची फी भरायला पैसे आहेत ती मुलं. दोन कॅम्पसांमधली वाटणी तेवढी दोन वर्गांमधली वाटणी झाली असती, भिंतीच्या अलीकडे-पलीकडे. गणिताच्या प्रमुख शिक्षिकेने याला ठाम नकार दिला आणि पर्यायही दिला. आठवड्यातून दोनदा, शाळा भरण्यापूर्वी, गणिताचा जास्तीचा तास. परीक्षा न घेता, यायची इच्छा असेल त्या प्रत्येकाला. काउन्सिलने तो उचलून धरला. या प्रकरणातला सर्वांत अवघड आणि सर्वांत योग्य निर्णय हाच होता, असं माझं मत आहे. त्यापायी ओळखीच्या तीन-चार घरांशी माझं बोलणं काही महिने बंद होतं.

काय घडलं

पहिल्या वर्षी काही कुटुंबं सोडून गेली. काही कॅथलिक शाळेत, काही पलीकडच्या झोनमध्ये घर भाड्याने घेऊन. रेघेच्या हव्या त्या बाजूचा पत्ता दाखवण्यासाठी नातेवाइकांच्या घराचे भाडेकरार आणल्याचे प्रकार झाले. ऑफिसला कागद तपासत बसावं लागलं आणि त्यातून कटुता आली. नव्या कॅम्पसवरचे दोन पोर्टेबल उचलले गेले. ते न्यायचे केव्हा हे खातं ठरवतं, त्यामुळे वाटलं होतं त्याहून उशीर झाला.

सातवीच्या पहिल्या टर्ममध्ये बाकं भाषेनुसारच भरली. तसं होऊ नये म्हणून आदल्या वर्षीच दोन्ही कॅम्पसच्या सहावीच्या मुलांचे खेळ एकत्र घेतले होते, त्याचा उपयोग मैदानावर दिसला, वर्गात फारसा नाही. वर्गशिक्षकांनी गट दर तीन आठवड्यांनी बदलायला सुरुवात केली. वर्षअखेरीस सुतारकामाच्या कार्यशाळेत मी एक जोडी पाहिली. एक कारेन मुलगा रंधा धरायला शिकवत होता, कारण त्याने ते काम घरी काकाबरोबर केलं होतं. शिकणारी हैदराबादची मुलगी त्याच्या वहीतलं मापांचं गणित तपासत होती. अशा जोड्या सगळीकडे झाल्या असं म्हणणार नाही. गणिताच्या सकाळच्या तासाला सुरुवातीला आपलीच मुलं होती. मदतनीस बाईंनी जुन्या कॅम्पसच्या घरी स्वतः फोन केल्यावर इतर यायला लागली.

घरच्या भाषेचा रकाना सुधारला तो एका साध्या बदलाने. अर्ज हातात देऊन भरून मागण्याऐवजी ऑफिसात कुणीतरी समोर बसून विचारू लागलं, आणि ही माहिती मुलाला वेगळ्या वर्गात टाकण्यासाठी नसून शाळेला शिक्षक मिळावा म्हणून आहे, असं आधी सांगू लागलं. मराठी, तेलुगू, पंजाबी असं लिहिलं जाऊ लागलं. पुढच्या वर्षीच्या निधीतून नव्या कॅम्पसला इंग्रजीच्या आधारासाठी आणखी एक शिक्षिका मिळाली.

वेगळं काय करता आलं असतं

पर्याय मांडण्याआधी फाटकाशी उभं राहायला हवं होतं. क्रम उलटा झाला. आधी पर्याय, मग मत, आणि शेवटी मुलांना कोण नेतं याची माहिती. ती वही आधी भरली असती तर एक टर्म वाचली असती आणि इयत्तेनुसार वाटणीची आशा लावून मग ती काढून घेण्याची वेळ आली नसती.

मुलांना फार उशिरा विचारलं. सीनियर कॅम्पसवरच्या दहावी-अकरावीच्या मुलांनी हा सगळा दुरावा भोगला होता. काउन्सिलवर विद्यार्थी सदस्य होते, पण त्यांना वेगळा वेळ असा निर्णय झाल्यावर मिळाला. सातवीऐवजी पाचवीपासूनच काही विषय एकत्र घ्या, असं त्यांनी सुचवलं. त्याचा विचार आता सुरू आहे.

आणि सर्वांत मोठी उणीव जुन्या ऑस्ट्रेलियन कुटुंबांची. दुभाषे, चर्च, गुरुद्वारा या धावपळीत त्यांच्याकडे कुणी मुद्दाम गेलंच नाही. इंग्रजी येतं, सर्व्हे भरला, झालं, असं सर्वांनी धरलं. ती माणसं स्वतः याच शाळेत शिकलेली, त्यांच्या बापांनी त्या मैदानाचं कुंपण श्रमदानाने घातलेलं. ह्या बैठका आपल्यासाठी नाहीत, असं त्यांना वाटलं, आणि ते त्यांनी वर्षभराने काउन्सिलच्या निवडणुकीच्या वेळी सांगितलं. सातवीच्या बदलामुळे नवी मुलं त्यांच्या आवारात आली तेव्हा सुरुवातीला जो थंडपणा जाणवला, त्याचं मूळ इथे होतं. पुढच्या टर्ममध्ये प्रिन्सिपलनी माजी विद्यार्थी पालकांची बैठक त्यांच्या फुटबॉल क्लबच्या खोलीत घेतली. त्यांच्यातले दोघं आता काउन्सिलवर आहेत.

आता शेजारी नव्या प्राथमिक शाळेचं बांधकाम सुरू आहे. ती उघडली की झोन बदलेल आणि आतली रेघही पुन्हा आखावी लागेल. त्या वेळी भुयारी वाटेजवळची इस्टेट नव्या शाळेकडे गेली, तर जुन्या कॅम्पसवरची भारतीय मुलं निम्म्याने कमी होतील. काउन्सिलने खात्याला तसं लेखी कळवलं आहे आणि चालण्याच्या अंतरांचा नकाशा सोबत जोडला आहे. उत्तर अजून आलेलं नाही.